वाळवंटातले सोने आणि कारखान्यातली झाडलोट

सोन्याचा भाव चढला की दोन माणसांची झोप उडते. एक, ज्याच्या घरी मुलीचे लग्न ठरले आहे तो. आणि दुसरा, ज्याला एका हंगामात श्रीमंत व्हायचे आहे तो. पहिल्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. आज मला दुसऱ्याबद्दल लिहायचे आहे, कारण तो आपल्याच कारखान्यातला तरुण आहे आणि हातातले काम विकून निघण्याच्या तयारीत आहे.

गेल्या महिन्यात असाच एक तरुण अंधेरीच्या माझ्या दुकानावर आला. जोगेश्वरीत त्याचा भरतकामाचा छोटा कारखाना आहे. जरदोजीचे दोन अड्डे आणि एक कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन, तेही जुने घेतलेले. माझ्याकडून ड्रेस मटेरियल जाते, तो त्यावर काम करून देतो. हिशेबाचा चोख मुलगा. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक माणूस वाळवंटात कानाला हेडफोन लावून काठीसारखे यंत्र जमिनीवरून फिरवत होता. यंत्र वाजले, त्याने चार बोटे खणले आणि तळहातावर हरभऱ्याएवढा पिवळा खडा धरून दाखवला.

“चाचा, पाच जणांची पार्टी जमली आहे. माणशी तीन लाख. मेटल डिटेक्टर घ्यायचा आणि आफ्रिकेत जायचे. तीन महिन्यांचे काम. मशीन विकून माझा हिस्सा उभा राहतो. बाकी थोडे कमी पडतात, ते तुम्ही द्या.”

मी त्याला लगेच नाही म्हटले नाही. चहा मागवला आणि कागद-पेन्सिल काढली. त्या दिवशी आमचे जे बोलणे झाले, तेच आज वाचकांपुढे ठेवतो. कारण असे तरुण एकटा अंधेरीत नाहीत. घाटकोपर, कुर्ला, मुंब्रा, भिवंडी, सगळीकडे आहेत.

यंत्र काय करते

प्रथम खरे ते खरे म्हटले पाहिजे. वाळवंटात यंत्राने सोने सापडते, ही थाप नाही. डिटेक्टरच्या खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज सोडली की चुंबकीय लहर जमिनीत जाते. खाली धातू असेल तर त्या धातूत बारीक वीज फिरते, तिची उलट लहर वर येते आणि यंत्र वाजते. यात जादू काहीच नाही. पण यंत्राला सोने वेगळे ओळखता येत नाही. खिळा, बंदुकीची पुंगळी, डब्याचे झाकण, सगळ्यांना ते आवाज देते. शिवाय सोन्याचा बारीक चुरा असेल तर ते वाजतच नाही; त्याला खडाच लागतो. लहान खडा काही इंचांपर्यंतच कळतो. जमिनीत लोह जास्त असेल तर यंत्र विनाकारण ओरडत राहते आणि अशा जमिनीसाठी जी खास यंत्रे निघाली आहेत, त्यांची किंमत लाखांत आहे.

मग वाळवंटच का? सोने डोंगरातल्या गारेच्या पांढऱ्या शिरांमध्ये असते. हजारो-लाखो वर्षांत डोंगर झिजतो. हलकी माती वारा उडवून नेतो, कधीतरी पडणारा पाऊस वाहून नेतो. सोने पाण्याच्या एकोणीस पट जड, ते जागेवर राहते. झाडझुडूप नसल्याने चकती जमिनीला टेकवून चालता येते. म्हणजे वाळवंटात आधी वाऱ्याने पाखडून ठेवले आहे आणि माणूस मागून जाऊन सुपात काय उरले ते पाहतो.

१९८९ साली मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात एका माणसाला साध्या स्वस्त डिटेक्टरने १२ किलोचा एकच गोळा सापडला. बुटाच्या आकाराचा म्हणून त्याला ‘बूट ऑफ कॉर्टेझ’ म्हणतात. २००८ साली अमेरिकेत लिलावात तो साडेपंधरा लाख डॉलरला गेला. त्याआधी १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात २७ किलोचा गोळा डिटेक्टरनेच निघाला. तो अमेरिकेतल्या एका जुगारघराने विकत घेऊन लोकांना बघायला ठेवला. त्या तरुणाला ही दोन्ही नावे तोंडपाठ होती. मी त्याला एवढेच विचारले, “१९८० आणि १९८९. या दोन तारखांमध्ये किती हजार माणसे यंत्र घेऊन रिकाम्या हाताने परतली, त्यांचा व्हिडिओ कोणी काढला आहे का?”

कमाई कोणाची होते

आफ्रिकेच्या वाळवंटाचा हाल थोडा सविस्तर पाहू, कारण पार्टीचा रोख तिकडेच आहे. सुदानमध्ये गेल्या पंधरा-सोळा वर्षांत लाखो माणसे सोन्यामागे गेली. शेती सोडली, गुरे विकली, यंत्रे घेतली. दारफुरमधल्या जेबेल आमिर येथे २०१२ साली मोठा साठा सापडला. २०१३ च्या सुरुवातीला त्याच सोन्यासाठी टोळ्यांत लढाई झाली, गावेच्या गावे उठली. त्याच वर्षी तिथली खाण कोसळून मजूर दबून मेले. एप्रिल २०२३ पासून त्या देशात फौजांचे आपसांत युद्ध पेटले आणि सोने हा त्या युद्धाचा मोठा खर्चाचा खजिना झाला. तिथले पुष्कळ सोने दुबईच्या बाजारात येते, हे आपल्या आखाती व्यापाऱ्यांना सांगायला नको.

मॉरिटानियात २०१६ साली अशीच लाट आली. राजधानीत डिटेक्टर मिळेनात, इतकी खरेदी झाली. हजारो माणसे वाळवंटात उतरली. वर सापडणारे खडे लवकरच वेचले गेले. मग लोक खोल विहिरी खणू लागले, दगड दळू लागले, पारा वापरू लागले. म्हणजे यंत्र घेऊन फिरण्याचा हंगाम आटोपला आणि मजुरीचा हंगाम सुरू झाला. या साऱ्यात नेमाने कमाई कोणी केली? ज्याने यंत्र विकले त्याने, ज्याने पाणी आणि डिझेल विकले त्याने, ज्याने दगड दळायची गिरणी टाकली त्याने आणि ज्याने खाणीवर बसून कमी भावाने सोने घेतले त्याने. आपण व्यापारी माणसे. गर्दी ज्या रस्त्याने चालली आहे, त्या रस्त्यावर दुकान टाकायचे असते, एवढे तरी आपल्याला कळायला हवे.

आपल्या जमिनीत काय आहे

त्या तरुणाचा दुसरा बेत असा होता की, आफ्रिकेत जमले नाही तर यंत्र इकडे आणू, महाराष्ट्रात फिरवू. हा बेत तर आणखी कच्चा. आपल्या दुकानापासून चालत जाता येईल अशा अंतरावर गिल्बर्ट हिल उभा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तो काळा कातळ. मुंबईपासून पार नागपूरच्या अलीकडेपर्यंत बहुतेक महाराष्ट्र याच कातळावर बसला आहे. या दगडात सोन्याच्या शिरा नसतात, लोह मात्र भरपूर असते. इथे यंत्र फिरवाल तर ते दिवसभर ओरडेल आणि संध्याकाळी पदरात दोन गंजके खिळे पडतील.

सोन्याचे अंश आहेत ते पूर्वेला, नागपूर-भंडाऱ्याच्या जुन्या खडकांत. तिकडे सोनझारी समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू लाकडी परातीत धुऊन कण काढत आली. ते कण यंत्राला ऐकूच येत नाहीत. दिवसभर गुडघाभर पाण्यात उभे राहून मजुरी सुटली तर सुटली. त्या धंद्यात कोणी माड्या बांधल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या शेजारच्या मुलखात अलीकडेच काय घडले तेही आठवावे. बऱ्हाणपूरला कोऱ्या कापडासाठी आपल्यापैकी अनेकांचे जाणे-येणे असते. यंत्रमागांचे गाव, आपल्या मोमीन बांधवांची मोठी वस्ती. तिथून वीसेक किलोमीटरवर असीरगडचा किल्ला आहे, जो अकबराने १६०१ साली घेतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ हा चित्रपट आला. त्यात बऱ्हाणपूरच्या मोगल खजिन्याचा प्रसंग आहे. मार्चमध्ये अफवा उठली की असीरगडजवळच्या शेतात मोगलांची सोन्याची नाणी निघतात. झाले! रात्री टॉर्चच्या उजेडात शेकडो माणसे शेते खणू लागली. काहींनी डिटेक्टरही आणले. दुसऱ्याच्या शेताचे खड्डे झाले, पोलिसांना धावावे लागले. ज्या गावात दिवसा माग चालवून रोजी मिळते, त्याच्या शेजारी लोक सिनेमा पाहून रात्री माती उपसत होते.

कायदाही माहीत असावा. जमिनीतले खनिज सोने सरकारी परवान्याशिवाय शोधता येत नाही. १९५७ चा खनिज कायदा तसे सांगतो. पुरलेला खजिना सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. नाही कळवले तर हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. किल्ला किंवा संरक्षित जागा असेल तर गुन्हा आणखी मोठा. परदेशातून कच्चे सोने आणायचे म्हटले तर सहारच्या विमानतळावर ते जाहीर करून कर भरावा लागतो. दागिन्यांना जी सवलत मिळते ती कच्च्या सोन्याला नाही. आणि शरियतचा हिशेब वेगळा आहेच. पुरलेल्या खजिन्यात, ज्याला रिकाज म्हणतात, पाचवा हिस्सा द्यावा लागतो. खाणीच्या सोन्याबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. आपल्या कोकणी बांधवांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पार्टी जमवताना या पाचव्या हिश्श्याचा उल्लेख कोणी केला होता का, असे विचारले तर तरुण गप्प बसला.

ज्यांनी खरोखर मातीतून सोने काढले

आता मी त्याला जे सांगितले ते ऐका. मुंबईत मातीतून सोने काढणारे लोक आहेत आणि त्यांना डिटेक्टर लागत नाही. उर्दू शाळेत असताना मी ‘नियारिया’ हा शब्द शिकलो होतो. दुकानावर आल्यावर मराठी गिऱ्हाइकांकडून कळले की यालाच मराठीत ‘झारेकरी’ म्हणतात. सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन तिच्यातून सोने काढणारा. झवेरी बाजारात आजही पहाटे घमेले आणि ब्रश घेऊन रस्ता झाडणारे, गटारातला गाळ धुणारे लोक दिसतात. कारागिराच्या कपड्यांतून, चपलेतून, हात धुतलेल्या पाण्यातून जे कण बाहेर पडतात, त्यांच्यावर त्यांचे घर चालते.

त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. धूळ आधी जाळायची, म्हणजे कागद, केस, लाकूड निघून जाते. राख कुटून चाळायची. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस काढायचा. मग घमेल्यात पाणी घेऊन हलवत हलवत धुवायचे. हलके वाहून जाते, जड तळाला राहते. वाळवंटात वारा जे लाखो वर्षांत करतो ते हा माणूस तासाभरात करतो. तळाचा माल पाऱ्यात घोळायचा, सोने पाऱ्याला धरते. पारा उडवला की उरतो तो मिश्र धातूचा गोळा. त्यात चांदी कमी असेल तर सोन्याच्या तिप्पट होईल एवढी चांदी मिसळून वितळवायचे आणि शोऱ्याच्या तेजाबात टाकायचे. चांदी-तांबे तेजाबात विरघळतात, सोने तळाशी तपकिरी भुकटी होऊन बसते. ते पुन्हा वितळवले की पिवळे होते. तेजाबातली चांदीही फुकट जात नाही. मीठ टाकून किंवा तांब्याची पट्टी सोडून ती परत मिळवतात.

हे काम करणाऱ्यांचे मी कौतुक करतो, पण ते कोणी करावे असे सांगत नाही. पाऱ्याची वाफ डोके आणि हातपाय निकामी करते, तेजाबाचा तांबूस धूर फुप्फुसे जाळतो. बंद खोलीत हे काम करणारा माणूस सोने काढतो आणि दवाखान्यात देतो. साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत जुन्या मोबाइलच्या आणि कॉम्प्युटरच्या पाट्यांतून सोने काढण्याचे जे चोरटे काम चालत आले, त्याचीही हीच गत. खाणीच्या एक टन दगडात काही ग्रॅम सोने असते, तर एक टन जुन्या मोबाइलमध्ये त्याच्या कितीतरी पट असते, हे खरे आहे. पण ते काम परवाना असलेल्या कारखान्याचे आहे. आपल्या भंगारवाल्या बांधवांनी माल गोळा करावा, निवडावा आणि नोंदणी असलेल्या कारखान्याला पावतीने विकावा. घरात तेजाबाची बादली ठेवू नये.

माझा मुद्दा वेगळा आहे. मोठे कारखाने हेच काम आता स्वतः करतात. अंधेरी पूर्वेला १९७३ साली सीप्झ उभे राहिले, पुढे तिथे निर्यातीच्या दागिन्यांचे कारखाने आले. दागिन्यांच्या नीटनेटक्या कारखान्यात कारागिराच्या टेबलाला खण असतो, कीस त्यात पडतो. पॉलिशची धूळ पंखा ओढून पिशवीत जमा करतो. हात धुण्याचे पाणी थेट गटारात जात नाही, टाकीत निवते. झाडू, हातमोजे, घासकागद, जमिनीची चटईसुद्धा जाळून राख शुद्धीकरणाला जाते. आणि रोज संध्याकाळी दिलेले वजन व परत आलेले वजन वहीत लिहिले जाते. जे कमी पडते त्याला घट म्हणतात.

आता हिशेब करा. समजा एका छोट्या कारखान्यात रोज ५० ग्रॅम सोन्यावर काम होते आणि शेकडा एक इतकी घट कोणी मोजत नाही. रोज अर्धा ग्रॅम. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १५० ग्रॅम. हिशेबाला सोपा म्हणून दहा ग्रॅमला एक लाख भाव धरला, जो २०२५ साली ओलांडला गेला, तर पंधरा लाख रुपये. पाच मित्रांची पार्टी वाळवंटात जेवढे घालणार आहे, बरोबर तेवढेच.

आणि आता पार्टीचा हिशेब. पंधरा लाख परत मिळायला १५० ग्रॅम शुद्ध सोने हवे. मातीतला खडा शुद्ध नसतो. शेकडा नव्वद धरला तर १६७ ग्रॅम लागतील. जमीनवाला, वाटाड्या आणि तिथला खरेदीदार मिळून पाव हिस्सा नेतील असे धरले तर सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास काढावे लागेल. खडे बहुधा छोटेच मिळतात. अर्ध्या ग्रॅमचा एक धरला तर साडेचारशे खडे. नव्वद दिवसांत रोज पाच खडे, एकही दिवस खाडा नाही, आजारपण नाही, पोलीस नाही, वाळूचे वादळ नाही. आणि एवढे करून फक्त घातलेले पैसे परत. तीन महिने घर कशावर चालले, ते यात धरलेच नाही.

माझी स्वतःची फसगत

कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला उपदेश करायला काय जाते. म्हणून स्वतःची गोष्ट सांगतो. १९९४ साली मीही सोन्याच्या मागे गेलो होतो. तेव्हा जुन्या शालू-पैठण्यांचे काठ उसवून जर विकत घेण्याचा धंदा जोरात होता. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. वजनात निम्म्याच्या आसपास चांदी, सोने शेकडा एकाहूनही कमी. जाळली की चांदी हाती येते आणि चांदीतले सोने झारेकरी काढून देतो.

एका दलालाने मला अकरा किलो जर दाखवली. किलोला दोन हजार, एकूण बावीस हजार. चांदीचा भाव तेव्हा किलोला सहा हजारांच्या वर होता. मी मनात पाच किलो चांदी धरली आणि वडिलांना न विचारता दुकानाचे पैसे दिले. वरच्या दोन लडी मी तपासल्या होत्या. तार सोलली तर आत लाल रेशीम होते, म्हणजे जर खरी. बाकीच्या पोत्यात मी हात घातलाच नाही. झारेकऱ्याने माल जाळला. खाली काळी राख आणि तांबे. एक थेंब तेजाब टाकला, हिरवे पाणी झाले. वरचा किलोभर माल खरा होता, बाकी सगळी नकली जर.

वडील रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “आपल्या दुकानात गेल्या वर्षी किती वार कापड कात्रणात गेले, सांगशील?” मला सांगता येईना. मग त्यांनी मला सहा महिने घाटकोपर स्टेशनबाहेर कटपीस विकायला बसवले. ते सगळे आमच्याच दुकानात वर्षानुवर्षे कोपऱ्यात पडलेले तुकडे होते. ब्लाऊजपीस, अस्तर, उशांचे अभ्रे. बावीस हजार त्यातून भरून निघाले नाहीत, पण निम्मे निघाले. जे कापड मी रोज पायाने बाजूला सारत होतो, त्याच्यातून निघाले.

काय करावे

त्या तरुणाला मी विचारले, “गेल्या महिन्यात तुझे मशीन किती तास बंद होते?” त्याला सांगता आले नाही. किती पीस बिघडून परत आले? अंदाजे सांगितले. व्यापाऱ्यांकडे किती बाकी अडकली आहे? त्याचा आकडा मात्र त्याला पाठ होता आणि तो तीन लाखांच्या पुढे होता. त्याच्या हिश्श्याचे सोने वाळवंटात नव्हते, मालाड आणि दादरच्या चार व्यापाऱ्यांच्या खातेवहीत पडले होते. खरे सांगायचे तर त्यातले थोडे माझ्याही वहीत होते. मला शरम वाटली. ते मी त्याच दिवशी चुकते केले.

म्हणून व्यापारी बंधूंना माझी पहिली विनंती आहे. कारागीर वाळवंटाकडे का पाहतो? कारण त्याची मजुरी आपण दोन-दोन, चार-चार महिने अडकवतो. चिठ्ठी देतो, तारीख देतो, सणाचा वायदा करतो. त्याच्या हाताला बसल्या जागी पैसा मिळाला तर तो मशीन विकायला निघणार नाही. हलाल कमाईवर तासभर बोलायचे आणि कारागिराच्या घामाचा पैसा गल्ल्यात ठेवायचा, हे जमणार नाही.

कारागीर बंधूंना सांगणे असे की, आपल्या हत्याराला भांडवल समजा, विकाऊ माल समजू नका. ज्या मशीनवर रोज भाकरी निघते ते विकून घेतलेले यंत्र वाजेलच, पण भाकरी देईल याची हमी कोणी देत नाही. आणि जायचेच असेल, तर मी कोणाचे पाय बांधत नाही. तिजारतीसाठी समुद्र ओलांडणे हे आपल्या लोकांना नवे नाही. पण चार गोष्टी करा. बुडाले तरी घर चालेल एवढाच पैसा घाला, कर्ज किंवा बायकोचे दागिने नकोत. भागीदारी तोंडी नको. कोणाचा पैसा, कोणाची मेहनत, नफा कसा वाटायचा, तोटा कोणी सोसायचा हे कागदावर लिहा आणि साक्षीदार ठेवा. त्या देशाचा परवाना कोणाच्या नावाने आहे ते स्वतः डोळ्यांनी पाहा. आणि जो माणूस पार्टी जमवतो आहे, तो स्वतः किती रुपये घालतो ते विचारा. तो फक्त “ओळख” घालणार असेल, तर समजा की त्याचे सोने सापडले आहे आणि ते तुम्ही आहात.

पार्टीतल्या बाकी चौघांशी बोलण्याची माझी तयारी आहे, असे मी त्या तरुणाला सांगितले. त्याने हिशेबाचा कागद घडी करून खिशात घातला. जाताना म्हणाला, “चाचा, व्हिडिओत तो खडा खरा होता हो.” मी म्हटले, “बेटा, माझ्या पोत्यातल्या वरच्या दोन लडीही खऱ्या होत्या.”

अजून त्याने मशीन विकलेले नाही. माझी बाकी मिळाल्यावर त्याने दोन जुने कारागीर परत बोलावले, असे ऐकतो. बाकीचे व्यापारी देतील तेव्हा खरे. वाचकांपैकी कोणी या वाळवंटाच्या वाटेने जाऊन आले असतील, त्यांनी नफ्या-तोट्याचा खरा आकडा आपल्या मोहल्ल्यातल्या तरुणांना अवश्य सांगावा. तोटा झाला असेल तर लाज बाळगू नये. तोट्याचा आकडा लपवला जातो, म्हणूनच दुसऱ्या पाच जणांची पार्टी जमते.